दगड केवढा आहे?



आज एकच गोष्ट सांगायची आहे, ती मी पुन्हा पुन्हा सांगेन. घरातलं माणूस आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतं, ते शब्द बदलू नका.

मागे साठीच्या एक आजी माझ्याकडे आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "छातीवर दगड ठिवल्यागत व्हतंय." आधी ईसीजी काढला, छातीची तक्रार असली की तो काढाच. सगळं व्यवस्थित. सून म्हणाली, "त्यांना काही झालेलं नाहीये, डॉक्टर." मी विचारलं, "आजी, दगड कधीपासून?" तेव्हा कळलं, पाठची बहीण गेल्यापासून. 'दुःख' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

आपल्याकडे पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, आतडं तुटतं. हे अडाण्याचं बोलणं नव्हे हो! दूध सगळीकडे दूधच, पण दही लागतं ते घरच्या विरजणावर. दुःखाचंही तसंच. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणलं की आपल्या दह्याला तिच्या घरची चव येते. आणि एकदा दही लागलं, की त्यातलं विरजण वेगळं काढून दाखवता येत नाही. आजींचं दुःख एकीकडे आणि त्यांची बोली दुसरीकडे, असं करता येत नाही ते यामुळेच.

हे फक्त आपल्याकडेच नाही. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. डॉ. विक्रम पटेल यांनी नव्वदच्या दशकात तिथे काम करताना लोकांचे असे शब्द नीट ऐकले. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संदर्भग्रंथातही तो शब्द आला. झिंबाब्वेनंतर पटेल गोव्यात आले, १९९६ साली 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. तिथे गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं.

तेव्हा पुन्हा सांगतो. आई म्हणाली "जीव खालीवर होतोय", तर तिला "तुला डिप्रेशन आलंय" म्हणून गप्प करू नका. औषध लागलं तर डॉक्टर देतील. तुम्ही तिचाच शब्द धरून पुढचं विचारा.

त्या सुनेला मी सांगितलं होतं, रोज एकदा विचारत जा, आज दगड केवढा आहे? चौथ्या खेपेला आजींनी दारातूनच सांगितलं, "आता पाट्याएवढा न्हाई, वरवंट्याएवढा ऱ्हायलाय."