थांग



बिट्टन मार्केटच्या या परिसरात एका गणितशिक्षकाच्या स्मरणार्थ बोलावयास मराठीच्या प्राध्यापकास पाचारण करावे, हे संयोजकांचे धाडसच. म्हणून मी दुसऱ्या एका गणितशिक्षकाविषयीच बोलणार आहे.

आपल्या मध्य प्रदेशात, छतरपूर जिल्ह्यातील बाजना गावाजवळ भीमकुंड आहे. गुहेच्या छतातील भगदाडातून ऊन उतरते आणि खालचे पाणी निळेभोर दिसते. तहानलेल्या द्रौपदीसाठी भीमाने गदा हाणून ते काढले, अशी कथा. मी गेलो तेव्हा पायऱ्यांवरील एक वृद्ध म्हणाले, "इसकी थाह नहीं." हिंदीतील 'थाह' काय आणि आपला 'थांग' काय, दोन्ही शब्द बहुधा नकार सोबत घेऊनच येतात.

पाठीवर वायूच्या टाक्या बांधून असा थांग घेण्याची आता एक विद्याच झाली आहे. फ्लोरिडातील शाळेत गणित शिकविणारे शेक एक्सले हे तिचे एक आचार्य. जलमग्न गुहांत दगावलेल्यांच्या अपघातांची छाननी करून त्यांनी १९७९ मध्ये एक पुस्तिका लिहिली. बाहेरच्या उजेडापासून दोर अखंड असावा. वायूचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश परतताना वापरावा, आणि उरलेला राखून ठेवावा. तो राखीव हिस्सा मुख्यतः टाकी रिकामी झालेल्या सोबत्यासाठी असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १०० मीटरवर एकेका श्वासाला पृष्ठभागाच्या अकरापट वायू लागतो. शिवाय रक्तात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून वर येताना तासन्‌तास थांबत यावे लागते. घाई केली की देहच वैरी होतो.

६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील साकातोन या विवरात एक्सले आणि जिम बाउडेन निरनिराळ्या दोरांनी उतरले. वायू अपेक्षेहून लवकर सरतो आहे, हे पाहून बाउडेन सुमारे २८२ मीटरवरून वळले आणि वाचले. पंचेचाळीस वर्षांचे एक्सले परतले नाहीत. तीन दिवसांनी दोर ओढला, तेव्हा त्यात गुंतलेला त्यांचा देह वर आला. ३०० मीटरहून खोल असलेला तो तळ पुढे २००७ मध्ये एका यंत्राने मोजला.

आपले गुरुजी गणित अडले की फळ्यावर 'येथवर बरोबर' असे लिहीत आणि खडू खाली ठेवीत. बाउडेन यांनी त्या दिवशी तेच केले. नियम लिहिणाऱ्याचा हात मात्र का थांबला नाही, याचे उत्तर त्यांच्या पुस्तिकेत सापडत नाही.