भातावरील खोडकिडा आणि कामगंध सापळे



शहापूर व मुरबाड तालुक्यांत आवणी आटोपली, की शेतकऱ्याचे निम्मे ओझे उतरते. याच सुमारास खाचरांवर पिवळसर रंगाचा एक लहान पतंग फिरू लागतो. त्याच्या मादीच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती भाताच्या पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते व तो पिवळसर केसांनी झाकून टाकते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडून खोडात शिरतात. पीक फुटव्यावर असेल तर गाभा वाळतो आणि ओढताच हातात येतो. पीक पोटरीवर आलेले असेल तर लोंबी पांढरी व पोकळ निघते. हाच भातावरील पिवळा खोडकिडा होय.

अळी एकदा खोडात गेली, की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. उपाय करावयाचा तो पतंग दिसू लागल्यापासून अळी आत शिरेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत. बहुतेक ठिकाणी फवारणी होते ती मात्र पांढऱ्या लोंब्या दिसल्यावर, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर. ते मोजके दिवस ओळखता यावेत, याकरिता कामगंध सापळा आहे.

मादी पतंग नराला बोलाविण्यासाठी एक विशिष्ट गंध सोडते. असा गंधद्रव्याचा रेणू प्रथम १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी ओळखला; त्यासाठी त्यांना रेशीमकिड्यांचे सुमारे पाच लाख पतंग वापरावे लागले. आज खोडकिड्याचा हा गंध कृत्रिम रीतीने तयार करून रबराच्या लहानशा तुकड्यात भरतात. त्यालाच ल्यूर म्हणतात. तो नरसाळ्याच्या आकाराच्या सापळ्यात अडकविला, की नर पतंग त्याकडे येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. प्रत्येक किडीचा गंध वेगळा. भेंडीच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा ल्यूर भातात लावून काही साधत नाही. विकत घेताना ही चौकशी अवश्य व्हावी.

आवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक फूट उंच, हेक्टरी पाच सापळे निरीक्षणासाठी पुरेसे होतात. पतंग पकडूनच कीड कमी करावयाची असेल तर हेक्टरी वीस लागतात. पीक वाढेल तसा सापळाही वर घ्यावा. तंबाखूचा किंवा कीटकनाशकाचा वास लागलेल्या हातांनी ल्यूर हाताळू नये आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर तो बदलावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सापळ्यात सापडतात ते फक्त नर. एकट्या शेतकऱ्याने दहा गुंठ्यांत सापळा लावला, तर शेजारच्या खाचरात फळलेली मादी बांध ओलांडून येते आणि अंडी घालते. ‘सापळे लावले, तरी कीड आलीच,’ ही तक्रार बहुधा अशाच ठिकाणची असते. म्हणून सापळे शिवारवार लागावेत, हे काम ग्रामपंचायतीने हाती घ्यावे. दर आठवड्याला पिशवीतील पतंग मोजून तो आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिला गेला, तर विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचा पाठ मिळेल आणि गावाला इशारा. आकडा वाढू लागताच खाचरात उतरून अंड्यांचे पुंजके असलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. शंभर फुटव्यांमागे पाच गाभे वाळलेले आढळले, तरच कृषी सहायकाच्या सल्ल्याने औषधाचा विचार व्हावा.

औषध जपून वापरण्याला या भागात आणखी एक कारण आहे. पतंग व अंडी खाऊन शेतकऱ्याला मदत करणारे कोळी, चतुर आणि परोपजीवी गांधीलमाश्या फवाऱ्यात मरतात, ते तर खरेच. पण याच खाचरांतले वलगणीचे मासे आणि खेकडे अनेक आदिवासी कुटुंबांच्या ताटात जातात. भातसानगरच्या धरणातून सोडलेले पाणीही नदीपात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहते व तेथून मुंबईसाठी उचलले जाते. काठच्या शेतांतून ओहोळात उतरलेले पाणी शेवटी त्याच पात्राला मिळते.

कापणी जमिनीलगत करून धसकटे नांगरून टाकण्याचे काम मात्र सापळ्याने टळत नाही, कारण अळी त्यांतच दडून राहते. कालव्याच्या पाण्यावर जेथे उन्हाळी भात घेतला जातो, तेथे किडीला दुसरे पीकही मिळते. अशा शिवारांत राब टाकल्यापासूनच सापळ्यांवर लक्ष ठेवावे लागेल.