दुखणे ज्याचे, त्यालाही सांगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. व्यासपीठाची सवय नाही. पण आजारी मुलाच्या उशाशी बसण्याचे काम आपण सगळ्याजणी करतो, आणि त्याविषयी बोलायला पदवी लागत नाही, असे समजून उभी राहिले आहे. डॉक्टर, परिचारिका आणि त्यांचे लहान रोगी यांच्यातील बोलणे, हा माझा विषय.

दवाखान्यात नेहमी दिसणारा देखावा आठवा. डॉक्टर विचारतात, "काय होते आहे?" मूल तोंड उघडते न उघडते तोच आई सांगू लागते, "अहो, काही खातच नाही!" डॉक्टर आईकडे पाहून बोलतात, आई डॉक्टरांकडे पाहून बोलते, आणि ज्याचे पोट दुखते आहे ते मूल स्टुलावर बसून पंख्याकडे पाहत असते. औषधाची चिठ्ठी तयार होते, मूल मात्र एक शब्दही न बोलता घरी येते. सर्दी-पडशाला असे झाले तर फारसे बिघडत नाही. पण दुखणे जन्माचे असेल तर?

एक घरची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी नऊ वर्षांची असताना आजारी पडली. सारखी तहान, सारखी लघवी, आणि महिनाभरात अंगावरचे फ्रॉक सैल झाले. शहरातल्या रुग्णालयात नेले. रक्तातील साखर फार वाढलेली निघाली. लहानपणीच जडणारा, पहिल्या प्रकारचा मधुमेह. रोज इन्शुलिनच्या सुया, आणि त्या जन्मभर. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते म्हणतात. हे तर जाणारच नव्हते.

डॉक्टरांनी हे सारे आईबापांना व्हरांड्यात बोलावून सांगितले. खाटेवरच्या मुलीला कोणी काही सांगितले नाही. तिला दिसले ते इतकेच, की आई डोळे पुसत आत आली. भेटायला आलेली माणसे दाराशी कुजबुजत, "मुलीची जात, उद्या लग्न कसे व्हायचे?" मुलांचे कान फार तिखट असतात, भगिनींनो. त्यातच पहिल्या सुईच्या वेळी एका मदतनिसाने तिला "मुळीच दुखत नाही" असे सांगितले, आणि ती दुखली. तेव्हापासून सुईची वेळ झाली की पोरीला तिघांनी धरावे लागे. तिचे रडणे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी स्टूल ओढले, मुलीच्या डोळ्यांना डोळा मिळेल अशा बसल्या आणि तिलाच विचारले, "बाळ, तुला काय वाटते, हे तुला कशाने झाले?" असा प्रश्न तोवर रुग्णालयात तिला कोणी विचारला नव्हता. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी गणपतीतले मोदक चोरून खाल्ले ना, म्हणून."

तीन दिवस ती पोर हे ओझे उरावर घेऊन पडली होती. सुई म्हणजे तिला चोरीची शिक्षा वाटत होती.

सिस्टर म्हणाल्या, "मोदकांनी हे होत नाही. पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. तो इन्शुलिन तयार करतो. तुझ्या अंगातल्या शिपायांनी शत्रू समजून चुकून त्यावरच हल्ला केला. त्यात तुझा दोष नाही, आईचाही नाही." मग त्यांनी कागदावर एक घर काढले. म्हणाल्या, "आपल्या अंगात अशी लहान लहान घरे आहेत. साखर म्हणजे त्यांचे अन्न. दाराला कुलूप आहे आणि इन्शुलिन ही त्याची किल्ली. किल्ली नसली की अन्न बाहेर पडून राहते आणि घरातली माणसे उपाशी. म्हणून किल्ली आपण बाहेरून देतो."

"दुखेल का?" पोरीने विचारले. "थोडे दुखेल, मुंगी चावल्यासारखे. दहा आकडे मोजेपर्यंत संपेल. आज पोटावर घ्यायची की मांडीवर? ते तू सांग." सकाळी त्यांनी एक मोसंबे आणि पाणी भरलेली सुई तिच्या हातात दिली आणि मोसंब्याला टोचायला शिकवले. दुसऱ्या दिवसापासून तिला धरावे लागले नाही. औषध तेच, सुई तीच. बदलले होते ते बोलणे.

आता याचा उपयोग कोठे झाला ते ऐका. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाने कमी खाल्ले किंवा फार धावपळ केली, तर साखर एकदम उतरते. हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच साखर पोटात गेली नाही तर मूल बेशुद्ध पडते. आमची मुलगी शाळेत कवायतीच्या तासाला उभी असताना तिला असेच होऊ लागले. आई घरी, डॉक्टर दवाखान्यात. जवळ कोण? ती एकटी. तिने बाईंना सांगितले, "माझी साखर उतरली आहे," आणि दप्तरातली तीन चमचे साखरेची पुडी पाण्यात घालून प्याली. पंधरा मिनिटांत हुशार झाली. सिस्टरनी सारे आईलाच सांगितले असते, तर त्या मैदानावर काय झाले असते? म्हणून मी म्हणते, दुखणे ज्याचे, त्यालाही ते सांगितले पाहिजे.

पुढे एका नातेवाइकाने कसली पूड आणून दिली आणि सुई बंद करा म्हणाला. या आजारात इन्शुलिन बंद केले तर काही दिवसांतच जिवावर बेतते. आईबाप काही बोलण्यापूर्वीच मुलगी म्हणाली, "किल्ली टाकून दिली तर दार कसे उघडणार?"

इन्शुलिनचा गुण ज्या रोग्यावर प्रथम दिसून आला, तोही एक मुलगाच होता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ते टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले हातची जात. शंभर वर्षांत औषध तर आले. पण ते रोज घ्यायचे ते मुलाने, म्हणून त्याचे मन वळले पाहिजे.

पाहुण्या डॉक्टरीणबाई समोर आहेत, म्हणून धीर करून विनंती करते. सरकारी दवाखान्यातली गर्दी आम्ही पाहतो. आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी दोन मिनिटे पुरतील. पहिला प्रश्न मुलाला विचारावा. दुखणार असेल तर "थोडे दुखेल" असे खरे सांगावे. आणि जाताना मुलालाच विचारावे, "आता घरी जाऊन काय करायचे, सांग बघू." त्याला किती समजले ते तेथेच कळेल.

आपल्यासाठीही तीन गोष्टी. एक, "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हा धाक घरातून हद्दपार करावा. ज्याची भीती घातली, त्याच्यापाशी मूल मन कसे उघडे करील? दोन, दवाखान्यात जाण्यापूर्वी मुलाला विचारावे, "तुला डॉक्टरांना काय विचारायचे आहे?" आणि ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून न्यावे. तीन, मुलगा-मुलगी वयात आली की थोडा वेळ आपण बाहेरच्या बाकावर बसावे. पाळीचे दुखणे, मनातली भीती आपल्यासमोर निघत नाही. यात आईचा अपमान नाही. केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तो दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्यांचे बोलणे गुप्त राखून सल्ला द्यावा, हे त्यात धरलेलेच आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पोराला काय कळते? संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला आणि भारताने १९९२ साली तो मान्य केला. मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचे म्हणणे, त्याचे वय व समज पाहून, विचारात घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. निर्णय मोठ्यांनीच घ्यावा, पण मुलाला ऐकून घ्यावे.

माझी आपल्या मंडळाला एक सूचना आहे. आपल्या वाचनालयाच्या खोलीत महिन्यातून एक दुपार मुलांसाठी ठेवावी. एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवावे, मुलांनी प्रश्न विचारावेत आणि आपण आयांनी मागे बसून फक्त ऐकावे. गप्प बसणे आपल्याला थोडे जड जाईल खरे! (हशा) पण तेवढे करू या.