ध्वनिवर्धक चिपचें मौन



कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतून मिरजेकडे निघालेल्या मोटारींत गाणें चालू असतां चारही कर्णे एकाएकीं मुके झाले, तर ध्वनिवर्धक जळाला अशी समजूत होणें साहजिक आहे. पण पुष्कळदां तो जळालेला नसतो. त्यानें स्वतःस वांचविलेलें असतें.

धांवत्या मोटारींतील विद्युद्दाब सुमारें १४.४ व्होल्ट. त्यावर ४ ओहमच्या कर्ण्यास एकाच वर्धकानें प्रवाह पुरविला, तर निर्दोष ध्वनीची शक्ति फार तर ६.५ वॅट भरते. म्हणून चार वाहिन्यांच्या एकाच चिपमध्यें वर्धकांच्या चार जोड्या असतात. जोडींतील एक वर्धक कर्ण्याच्या एका तारेचा दाब वाढवितो, तेव्हां दुसरा दुसऱ्या तारेचा उतरवितो. दाब दुप्पट, म्हणून शक्ति चौपट. तत्त्वतः २६ वॅट.

शक्तीमागोमाग उष्णता येते. सिलिकॉनचें तपमान १५० अंश सेंटिग्रेडच्या घरांत गेलें कीं चिप प्रथम आवाज उतरविते, मग बंद पडते. कर्ण्याच्या दोन्ही तारांवर दाब असल्यानें एकही तार मोटारीच्या लोखंडी अंगास लागतां कामा नये. लागलीच, तर वाढता प्रवाह ओळखून चिप तो अडविते. बॅटरीची जोडणी अकस्मात् सुटून दाब उसळला, तरी तेवढा क्षण ती बंद राहून काढते.

तेव्हां चिप बदलण्यापूर्वीं मौनाचें कारण शोधावें. उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियमचा पत्रा सैल झाला आहे काय? तारेचें आवरण घासलें आहे काय? कारण तसेंच राहिलें, तर नवी चिपही गप्पच बसेल.