जुनी यांत्रिक होडी : दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

(नदीकाठच्या एका गावी मच्छीमार बांधवांपुढे केलेले भाषण)



पावसाळा सरत आला की किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या होड्या उघडल्या जातात. त्यांत एखादी जुनी यांत्रिक होडी अशी असते, की तिच्यावरून घरात दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात, ‘हिच्यावर आपले घर चालले, हिला पुन्हा पाण्यात घाला.’ तरुण म्हणतात, ‘मोडीत काढा.’ होडी तपासलेली मात्र कोणीच नसते.

ही चूक मी स्वतः केली आहे. वडिलांच्या होडीला मी कर्ज काढून नवे इंजिन बसविले. वरचा रंग पाहिला, लाकूड पाहिले नाही. दुसऱ्याच हंगामात शापोरा नदीच्या मुखाशी, भर ओहोटीत, जिच्यावर इंजिन टांगले होते ती मागची फळीच निखळली. दुसरी होडी जवळ होती म्हणून आम्ही तिघे वाचलो. इंजिन बुडाले; कर्ज उरले.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की निर्णय लाकडावरून करावा, इंजिनावरून नव्हे. इंजिन बदलता येते. सांगाडाच गेला असेल, तर दुरुस्ती म्हणजे नवी होडी बांधणेच होय.

लाकडाचे शत्रू दोन. पहिला, साचलेले पावसाचे गोडे पाणी. त्याने सांध्यांत, फासळ्यांच्या बुडाशी व मागच्या फळीत बुरशी धरते आणि लाकूड कुजते. तेथे दाभण टोचून पाहावा. तो सहज आत शिरला तर लाकूड गेले असे समजावे. दुसरा शत्रू खाऱ्या पाण्यातला. त्याला आपण किडा म्हणतो, पण वस्तुतः तो तिसऱ्या-शिनाण्यांचा जातभाई आहे. बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र दिसते, आत मात्र लांबच लांब बोगदे असतात. लाकडी हातोडीने फळी ठोकावी. बोडका, पोकळ आवाज आला तर ती पोखरली आहे.

एक-दोन फळ्याच गेल्या असतील तर त्या खुशाल बदलाव्यात. तळाचे मुख्य लाकूड आणि बहुतेक फासळ्या गेल्या असतील तर मोह आवरावा. कुजक्या लाकडावर फायबरग्लासचा थर देणे हा उपाय नव्हे. त्याने ओल आत कोंडते व कूज वाढते.

लाकूड उत्तीर्ण झाले, तरच इंजिनाकडे वळावे. थंडाव्याच्या पाण्याच्या वाटा क्षाराने बुजल्या आहेत काय, त्या नमुन्याचे सुटे भाग मिळतात काय, हे पाहावे. मग मेस्ताची मजुरी, लाकूड व इंजिन यांचा खर्च कागदावर मांडून तो नव्या होडीच्या किमतीशी ताडून पाहावा. मासेमारीच्या होडीची नोंदणी व परवाना चालू आहे ना, याचीही खातरजमा करावी.

आणि होडी मोडीत निघाली, तरी ती फोडण्यापूर्वी गावच्या शिक्षकांनी मुलांकडून तिची मापे घेऊन वहीत उतरवून ठेवावीत. वडिलांच्या होडीचा मान तेवढ्याने राहील. त्यासाठी मुलांचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.