रोपाच्या वयाप्रमाणे उजेड

आज आम्ही बचत गटाच्या बायका तुमच्याशी दिव्यांबद्दल बोलणार आहोत. हे दिवे घरातले नाहीत, रोपांचे आहेत.

मागच्या पावसाळ्यात आम्ही परसबागांसाठी टोमॅटो-मिरचीची रोपं करायला घेतली. आमचा भाग घाटमाथ्याजवळचा. एकदा पाऊस लागला की पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही. शेडनेट नव्हतं, म्हणून ट्रे एका रिकाम्या खोलीत मांडले आणि फिरत्या निधीतून जांभळ्या उजेडाचे सहा बल्ब आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे खास झाडांचेच." आम्ही ते वर आढ्याला टांगले आणि रात्रंदिवस चालू ठेवले.

बाराव्या दिवशी रोपं दोऱ्यासारखी बारीक झाली. पुढं त्यांनी माना टाकल्या. वीस ट्रे गेले. ज्यांनी आगाऊ पैसे दिले होते, त्यांच्या दारात जाऊन ते परत करावे लागले. गटातल्या एका ताईंना मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं, त्यांना दोन महिने थांबावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला ते फार लागलं.

मग चुकलं कुठं ते शोधलं. बल्ब वाईट नव्हते. चुकलं ते अंतर आणि तास. बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाईवर येतो. आढ्यावरचा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. रोप उजेडाच्या शोधात लांबतं आणि लुळं पडतं. दुसरं म्हणजे टोमॅटोला चोवीस तास उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. आणि जांभळ्या उजेडात सगळी पानं काळपट दिसतात, त्यामुळे तो पिवळेपणा आम्हाला वेळेवर दिसलाच नाही.

आता वयाप्रमाणे काय करायचं ते ऐका.

पहिलं, बी रुजताना. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या बियांना रुजायला दिवा लागत नाही. ऊब आणि ओल लागते. ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवा. पण रोज उघडून बघा. कोंब वर आला की त्याच दिवशी ट्रे उजेडात काढा. इथं दोन दिवस उशीर झाला तरी रोप लांबतं.

दुसरं, रोप लहान असताना. साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. खोक्यावर 6500 के असा आकडा असेल ती घ्या. त्या पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो, त्यानं रोप बुटकं आणि दणकट राहतं. ट्यूब रोपाच्या शेंड्यापासून एक वीत वर ठेवा. दोरीनं टांगा, म्हणजे रोप वाढेल तशी वर घेता येते. दिवसाला 14 ते 16 तास उजेड द्या, उरलेला वेळ अंधार. रोपालाही रात्र हवी.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. 20 वॉटच्या चार ट्यूब 14 तास चालल्या, तर दिवसाला एक युनिटाहून थोडी जास्त वीज जाते. पंचवीस दिवसांचे झाले 28 युनिट. आपल्या बिलातल्या दरानं गुणा आणि ते पैसे रोपाच्या किमतीत धरा.

तिसरं, लावणीच्या आधी. आठवडाभर रोपं बाहेरच्या उजेडाला सवयीची करा. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या. एकदम उन्हात ठेवली तर पानं करपतात.

चौथं, फुलं-फळं धरताना. तेव्हा उजेड फार लागतो, तांबड्या भागाचं कामही मोठं असतं. पण खोलीत दिव्यावर टोमॅटो पिकवायचा खर्च आपल्याला परवडणार नाही. तिथं सूर्यच खरा, आणि तो फुकट आहे. शेवंतीचं मात्र उलटं. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते. पॉलिहाऊसवाले तिची आधी नुसती वाढ व्हावी म्हणून रात्री दिवे लावतात, आणि फुलं हवी झाली की बंद करतात. तुमच्या अंगणातली शेवंती रात्रभर दिव्याखाली असेल, तर कुंडी हलवून बघा.

आणि एक सांगणं. पाणी घालण्याआधी बटण बंद करा. ओल्या हातानं दिव्याला किंवा वायरीला हात लावू नका. उघडे जोड ठेवू नका.

यंदा आम्ही आधी त्या ताईंचं कर्ज दिलं, मग रोपांना हात घातला. आधी एकच ट्रे केला. तो साधला, तेव्हा दहा केले. रोपं बोटभर उंच, देठ जाड, पानं हिरवीगार. पैसे परत घेतलेल्या बायकांपैकी काहीजणी यंदा पुन्हा आल्या. तुम्हीही दिवा घेण्याआधी रोपाचं वय विचारा, आणि गटाचा पैसा घालण्याआधी एक ट्रे करून बघा.