दोन खानेसुमारींच्या मध्ये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी सून इंग्लंडची. तिचे पूर्वज लँकेशायरमधील गिरणी-कामगार. त्यांचा शोध आम्ही दोघींनी घेतला, त्याची ही हकीकत.

तिकडे १८४१ पासून खानेसुमारीत घरातील प्रत्येकाचे नाव येऊ लागले. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगावही. १८५१ च्या पानावर नवरा, बायको आणि एक मुलगा. १८६१ लाही तिघेच. आम्हांला वाटले, लहानसे, सुखी घर!

मग चर्चची दफनाची वही पाहिली. १८१३ पासून तिच्यात नाव, ठिकाण, तारीख व वय यांचे छापील रकाने असत. त्या दहा वर्षांत त्याच आडनावाची, त्याच गल्लीतली तीन मुले सापडली. एक तर सहा आठवड्यांचे. जन्मदाखल्यांवरून खात्री केली. तिघेही दोन खानेसुमारींच्या मध्ये आले नि गेले. दफनाच्या वहीत आईसाठी रकानाच नव्हता.

सून गप्प झाली. मला माझी आजी आठवली. "पाच झाली, दोन जगली," एवढेच ती म्हणे. उरलेल्या तिघांची नावे मी कधी विचारलीच नाहीत.

भगिनींनो, तुमच्या घरी आजी असेल, तर आज रात्रीच विचारा. आणि लिहून ठेवा.